घोडीला आंघोळीचं आवतन

काकाजींनी घोडीला आवतन दिलं, तेव्हा मी जिन्याच्या पायरीवर बसून गवारीच्या शेंगा निवडत होते. शुक्रवारची संध्याकाळ होती. काकाजी घरातून बाहेर आले ते धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी आणि हातात हळदकुंकवाची ताटली घेऊन. मला वाटलं कुठे साखरपुड्याला निघाले. पण ते अंगणाच्या कोपऱ्यातल्या टिनाच्या शेडपुढे जाऊन उभे राहिले. घोडीच्या कपाळाला त्यांनी कुंकू लावलं, हात जोडले आणि अगदी गंभीर आवाजात म्हणाले, "बाईसाहेब, आज आवतन घ्या, उद्या आंघोयीले या."

घोडीनं त्यांच्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि ताटलीतल्या अक्षता हळदीसकट चाटून खाल्ल्या. तोंड पिवळंधमक झालं.

"घेतलं!" काकाजी माझ्याकडे वळून ओरडले. "पाह्यलं का मॅडम? आवतन घेतलं तिनं!"

आमच्या वऱ्हाडात पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांना असं आवतन देतात. खांद्याला लोणी-हळद लावायची आणि म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिवशी बैल पुरणपोळी खातो. वर्षभर ज्याच्या मानेवर जू ठेवलं त्याला निदान एक दिवस पाहुणा म्हणून बोलवावं, एवढी माणुसकी आमच्यात आहे. पण घोडीला, आणि तेही आंघोळीचं आवतन दिलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. पोळा तर होऊनही गेला होता. काकू दारातून म्हणाल्या, "लोकाईच्या घरचे बुढे रिटायर झाल्यावर देवाधर्माले लागते. आमच्या घरी पाहा काय चालू हाय."

मी अकोल्याची. माती तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून अमरावतीला आले आणि वलगाव रोडच्या बाजूला काकाजींच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिले. खोली बघायला गेले, त्या दिवशी काकाजींनी पहिला प्रश्न विचारला होता, "तुमी काय करता?" माती तपासते म्हटल्यावर खूश झाले. "बराबर हाय. तुमी माती पाह्यता, आमी पानी पाह्यलं. जमीन आपल्या दोघाईच्याच भरोशावर हाय."

पाणी पाहिलं म्हणजे ते पाणीपुरवठ्यात नळ सोडायच्या कामावर होते. माणसाच्या उंचीची एक लोखंडी चावी सायकलच्या दांड्याला बांधायची, गल्लोगल्ली फिरायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत घालायची आणि ती फिरवून त्या भागाचं पाणी सुरू करायचं. एक दिवसाआड नळ येणाऱ्या गावात अशा माणसाचं वजन काय असेल, ते ज्यांच्या घरी चोवीस तास पाणी येतं त्यांना कळायचं नाही. सकाळी सायकल दिसली की बायका घागरी घेऊन दारात. "भाऊ, आज येईन ना?" काकाजी लगेच उत्तर देत नसत. आधी आभाळाकडे पाहत, मग चावीकडे, मग म्हणत, "पाहू."

आणि लग्नघरी तर विचारूच नका. "पहिली पत्रिका गनपतीले, दुसरी मले," काकाजी सांगत. "गनपती नाही आला तं चालते. पानी नाही आलं तं पंगत कशी उठीन?" लग्नघरच्या दिवशी ते चावी दोन आटे जास्त फिरवत, असं काकू म्हणत. काकाजी ते मान्यही करत नसत आणि नाकारतही नसत.

वर्षानुवर्षं असा मान मिळाला की माणसाला त्याची सवय लागते. काकाजींना ती जरा जास्तच लागली होती. त्यांचा नियम असा, की एका बोलावण्यावर कुठे जायचं नाही. आवतन आदल्या दिवशी यायला पाहिजे आणि पानं मांडल्यावर पुन्हा कोणीतरी उठून म्हणायला पाहिजे, चाला जेवाले. "पहिलं बोलावनं तोंडाचं," ते म्हणत, "दुसरं मनाचं." हा नियम घरातसुद्धा होता. काकू आतून ओरडायच्या, "जेवाले या." काकाजी ओसरीवर पेपर धरून बसलेले. पेपर वाचून झालेला असे, तरी धरलेला असे. थोड्या वेळानं काकू पुन्हा ओरडायच्या, "अवो, येता का फेकू सयपाक?" मग काकाजी लगेच उठत. फेकण्याची धमकीही दुसऱ्या बोलावण्यात मोजली जाई.

मी पहिल्यांदा चहाला बोलावलं, तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. आधण ठेवलं, वाट पाहिली, चहा गार झाला. खाली डोकावले तर काकाजी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे. वर बघत होते पण चढत नव्हते.

"काकाजी, या ना!"

"आलो," म्हणून दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. चहा गार आहे म्हणून कुरकुरले मात्र.

या नियमापायी ते एकदा नांदगाव खंडेश्वरला उपाशी राहिले. काकूंच्या भावाच्या घरचं लग्न. आवतन रीतसर, मांडवात बसवलं रीतसर, पण जेवायला चला म्हणायला कोणी आलं नाही. एक पंगत उठली, दुसरी उठली. काकूंना वाटलं हे पुरुषांकडे जेवले. मेव्हण्याला वाटलं बायकांकडच्या पंगतीत बसले. काकाजी खुर्चीवर ताठ बसून आचारी भांडी घासेपर्यंत वाट पाहत राहिले. शेवटी उठले, स्टँडवर जाऊन आलूबोंडे खाल्ले आणि एकटेच घरी आले. मेव्हण्यानं नंतर पाया पडून माफी मागितली. "माफीचंबी आवतन दोनदा लागते का?" असं तो बिचारा कंटाळून बोलून गेला, आणि मग ते प्रकरण कायमचंच बिघडलं.

रिटायर झाले आणि पत्रिका आटल्या. चावी दुसऱ्याच्या सायकलवर गेली, तिच्यामागे आवतनंही गेली. यायची ती मोबाइलवर. एकदा असंच कोणाचं तरी लग्नाचं निमंत्रण मोबाइलवर आलं, गाण्यासकट. काकाजींनी ते दोनदा पाहिलं, टोपी काढून बाजूला ठेवली आणि काकू निघाल्या तेव्हा मोबाइल त्यांच्या हातात दिला. "हा घेऊन जा."

"काहून? तुमी येत नाही?"

"आवतन त्याले आलं, त्याले नेजो. जेवू घालजो त्याले."

काकूंनी खरंच मोबाइल नेला. लग्नघरचे लोक विचारत, काकाजी कुठे आहेत, तर काकू पर्समधून मोबाइल काढून दाखवत. एवढं सगळं सांगून त्या हसायच्या, पण एकदा हसता हसता थांबून मला म्हणाल्या, "मॅडम, मानूस घरात बसून सुकून राह्यला वं." ते मलाही दिसत होतं. सकाळी सायकल पुसायची, तिच्यावर कुठे जायचं नाही, पुन्हा शेडमध्ये लावायची. लग्नसराईत लांबून बँड ऐकू आला की काकाजी आत जाऊन बसायचे.

मग एके दिवशी काही न सांगता ते खानदेशाकडच्या घोडेबाजारात गेले आणि टेम्पोत घालून एक पांढरी घोडी घेऊन आले. काकूंनी दारात उभं राहून घोडीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "हे काय हाय?"

"वरातीची घोडी."

"तुमची वरात तं झाली. आता कोनाची काढता?"

"गावाची," काकाजी म्हणाले. "पान्याबिगर लग्न नाही होत, तसं घोडीबिगर वरात नाही होत. आता सांगा, कोन मले बोलावत नाही?"

काय डोकं चालवलं होतं माणसानं! घोडी ठरवायला लग्नघरचे लोक आपल्या पायांनी घरी येणार, हे पहिलं बोलावणं. आणि वरातीच्या दिवशी, "काकाजी, कुठवर आले? लवकर या," असा फोन येणार, हे दुसरं. दुसऱ्या बोलावण्याची ही सोय मला आजही थोर वाटते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला काकाजी प्रत्येक वरातीत सगळ्यांच्या पुढे होते. नवरदेव घोडीवर आणि लगाम काकाजींच्या हातात. पूर्वी चावी धरायचे तसाच दोन्ही हातांनी धरलेला.

फक्त एक गोष्ट बाजारात विकणाऱ्यानं सांगितली नव्हती. घोडीला पाणी चालत नव्हतं.

प्यायचं पाणी चालायचं. बादलीभर प्यायची. पण अंगावर थेंब पडला तर आकाशपाताळ एक. समोरच्या घरची बाई अंगणात सडा टाकायला लागली, की ही मागे सरकत भिंतीला चिकटायची. कोणी चूळ भरली तरी कान टवकारायची. पाऊस आला की टिनाखाली बरोबर मध्यभागी चारही पाय जुळवून उभी राहायची, शेपूटसुद्धा आवरून घ्यायची. जन्मभर ज्यानं गावाला पाणी पाजलं त्याच्या दारात हे ध्यान यावं, याचं गल्लीला फार कौतुक. काकाजींना मात्र तिचा राग आला नाही. पहिल्या दिवसापासून तिला "बाईसाहेब" म्हणायचे, अहोजाहो करायचे. "थे भेत नाही," ते म्हणायचे. "तिले कोनं तरी न इचारता वलं केलं असन. अपमान हाय तो."

पहिली आंघोळ त्यांनी आल्या आठवड्यातच घालून पाहिली. नळाला पाईप लावला, हातात साबण घेतला आणि मागून धार सोडली. पुढचं मला नीट क्रमानं सांगता यायचं नाही. बादली उडून समोरच्यांच्या स्कूटरवर आदळली. काकूंनी वाळत घातलेली डाळ अंगणभर पसरली. माझी ओढणी दोरीवरून गेली ती घोडीच्या गळ्यात. आणि बाईसाहेब फाटकातून बाहेर, अर्ध्या अंगाला साबण, वलगाव रोडवर. मागून काकाजी सायकलवर. ज्याच्या घरी घोडी आहे तो माणूस सायकलवर पाठलाग करतोय, हे पाहून पानठेल्यावरच्या लोकांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचा थांबवला. घोडी पुढे एका गॅरेजपाशी थांबली. साबण अंगावरच वाळला. मागची अर्धी घोडी पांढरी, पुढची अर्धी मातकट, अशी ती आठवडाभर फिरली.

त्यानंतर काकाजींनी पाण्याचा नाद सोडला आणि कोरड्या उपायाला लागले. रोज सकाळी खरारा करायचे, घासून घासून धूळ काढायचे. पण घोडी बसायची शेणात, आणि ते डाग खराऱ्यानं थोडेच जातात? मग एका वरातीच्या सकाळी त्यांनी दुकानातून टाल्कम पावडरचे डबे आणले आणि घोडीला मानेपासून शेपटीपर्यंत चोपडली. मी वरून पाहत होते. घोडी शिंकत होती, काकाजी शिंकत होते. पण झाली मात्र बगळ्यासारखी पांढरी! गल्लीभर गुलाबाचा वास सुटला.

नवरदेवाचा सूट काळा होता.

वरात मंडपाशी पोहोचली, नवरदेव उतरला आणि पाठमोरा झाला. मी तिथे नव्हते, पण त्या लग्नाचा व्हिडिओ नंतर साऱ्या अमरावतीनं पाहिला. नवरदेव ऐटीत चालतोय आणि मागच्या बाजूला दोन मोठे पांढरे गोल. हार घालायला वाकला, तेव्हा तर कॅमेरावाल्यानं जवळून घेतलं. नवरदेवाच्या मामानं भर मंडपात काकाजींना ऐकवलं, "घोडी धुता येत नसन तं गाढव पाळा." काकाजी लगाम धरून घोडीला पायी घरी घेऊन आले. त्या दिवशी काकूंनी तीनदा जेवायला बोलावलं, तरी उठले नाहीत.

उरलेल्या लग्नसराईत त्यांना कोणी बोलावलं नाही. लग्नघरचे लोक बडनेऱ्याहून दुसरी घोडी आणायला लागले. लांबून बँड वाजला की काकाजी पुन्हा आत जाऊन बसायला लागले, आणि आता शेडमध्ये घोडीही कान पाडून उभी राहायची. मला दोघांचंही वाईट वाटायचं.

पावसाळ्यात माझं लग्न ठरलं. मुलगा मोर्शीचा, तिथल्या शाळेत शिकवणारा. आम्ही बौद्ध, त्यामुळे मुहूर्ताची भानगड नाही. रविवार बघायचा, हॉल रिकामा आहे का बघायचं, आणि लग्न. पोळ्यानंतरचा रविवार मिळाला. अमरावतीचाच हॉल घेतला, कारण अकोलाही मध्ये नाही आणि मोर्शीही मध्ये नाही, आणि दोन्हीकडचे लोक आम्हालाच लांब पडतं म्हणून भांडत होते. घोडी आमच्याकडून द्यायची ठरली.

बाबा अकोल्याहून आले, त्यांना घेऊन मी खाली गेले. पत्रिका काकाजींच्या हातात दिली. बाबांनी स्वतः आवतन दिलं. मग मी म्हटलं, "आणि काकाजी, घोडी आपलीच पाह्यजे."

काकाजींचा चेहरा एकदम उजळला आणि लगेच पडला. "मॅडम, घोडी मयकट हाय."

"पावडर लावा ना. आमच्यात नवरदेव पांढऱ्याच कपड्यात असतो. पांढऱ्यावर पांढरं कोणाला दिसते?"

मला वाटलं मी फार हुशारीचं बोलले. काकाजी बराच वेळ पत्रिकेवरची अक्षरं बोटानं पुसत राहिले. "कोनाले नाही दिसनार," ते म्हणाले. "पन मले मालूम राहीन ना. मॅडम, नोकरी गेली तई माह्ये लग्नं गेले. घोडी आली तई वापस आले. मंग त्या पावडरपाई पुन्हा गेले. आता तुमी बोलावलं. तं मी लगाम धरून पुढं चालीन आन् मनात धाकधूक, का नवरदेव उतरला का काय दिसते? नाही. घोडी आंघोय करून येईन, नाही तं येनार नाही. आन् घोडी नाही तं मीबी नाही."

बाबा माझ्याकडे पाहायला लागले. काकूंनी कपाळाला हात लावला. "झालं! आता ते रांड पान्यात जाईन तवा हे मांडवात जातीन."

जनावरांच्या डॉक्टरांना मीच बोलावलं. भले गृहस्थ होते. म्हणाले, पाईप नको, मागून नको, थंड पाणी तर नकोच. कोमट पाणी घ्या, तिला दिसेल असं समोर ठेवा, खुरांपासून थोडं थोडं ओतत वर जा. काकाजींनी सगळं मान हलवत ऐकून घेतलं. डॉक्टर गेल्यावर म्हणाले, "डॉक्टर सायेबाचं बराबर हाय. पन आवतनाचं कोनं पाह्यलं?"

म्हणून शुक्रवारी संध्याकाळी ते हळदकुंकू.

शनिवारी सकाळी आख्खी गल्ली आमच्या फाटकापाशी जमली. समोरच्यांनी स्कूटर आधीच लांब नेऊन ठेवली होती. अंगणात घंगाळात कोमट पाणी, बाजूला तांब्या आणि साबण. काकाजींनी घोडीला सोडून आणलं. तिनं घंगाळ पाहिलं आणि जिथल्या तिथे चारही पाय रोवले. काकाजींनी ओढलं, चुचकारलं, गूळ दाखवला. गूळ खाल्ला, पाय हलवला नाही.

"आवतन घेतलं आन् आता येत नाही," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

काकाजी हसले नाहीत. लगाम माझ्या हातात देऊन ते घंगाळापाशी उकिडवे बसले. मग अचानक मांडीवर थाप मारली. "च्यामायले! दुसरं बोलावनं राह्यलं ना!"

ते घरात गेले. बाहेर आले ते पुन्हा सदरा-टोपी घालून. घोडीपुढे हात जोडून म्हणाले, "बाईसाहेब, पानी तयार हाय. आंघोयीले चाला."

आता मला सांगायला लाज वाटते, कारण मी विज्ञान शिकलेली बाई आहे, पण घोडी एक पाऊल पुढे आली. उरलेला गूळ घंगाळाच्या काठावर ठेवला होता म्हणून आली, असं मी नंतर काकूंना समजावलं. काकूंना ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही अर्धवटच पटलं होतं.

पण एका पावलानंतर पुन्हा थांबली. काकाजी विचारात पडले. मग म्हणाले, "माह्यंच चुकलं. पाहुन्याले कोनी एकट्याले पाटावर बसवते का? एक पाट आना."

काकूंनी पाट आणला. काकाजी घोडीच्या पुढच्या पायांपाशी पाटावर मांडी घालून बसले, सदऱ्या-टोपीसकट. "वता," त्यांनी काकूंना हुकूम केला. "एक तांब्या मले, एक तिले."

"कपडे तं काढा!"

"तिनं काढले का? वता!"

काकूंनी एक तांब्या त्यांच्या पावलांवर ओतला. घोडीनं पाहिलं. दुसरा तिच्या खुरावर ओतला. ती थरथरली, पाय उचलला, पण मागे गेली नाही. काकाजी तिच्याकडे वर बघत म्हणाले, "भेऊ नका बाईसाहेब. मीबी हाय ना."

 मग ते चालूच राहिलं. त्यांच्या गुडघ्यावर, तिच्या गुडघ्यावर. त्यांच्या छातीवर, तिच्या छातीवर. डॉक्टरांनी सांगितलं होतं अगदी तसंच खालून वर, फक्त डॉक्टरांनी सोबत मालकालाही भिजवायला सांगितलं नव्हतं. काकू हळूहळू रंगात आल्या होत्या. आयुष्यभराचं देणं फेडत असल्यासारख्या त्या नवऱ्याच्या अंगावर तांबे ओतत होत्या, आणि त्याच्या वाट्याचे तांबे जरा जास्तच भरलेले दिसत होते. डोक्यावर ओतला, तेव्हा काकाजी "अगा माय!" म्हणून किंचाळले. घोडीनं मान खाली घालून त्यांची भिजलेली टोपी हुंगली, दातात धरली आणि चघळायला लागली. ती टोपी चघळत असतानाच काकूंनी तिच्या पाठीवर पहिला तांब्या रिकामा केला. कातडी थरारली, पण घोडी जागची हलली नाही.

मग साबण. मग ब्रश. काळपट पाण्याचे ओघळ अंगणातून रस्त्यापर्यंत गेले. घोडी आतून पांढरी निघत गेली, आणि डाव्या कानामागे एक बदामी ठिपका निघाला, जो आजवर कोणी पाहिलाच नव्हता. काकाजी पाटावरून उठून तो ठिपका बघत राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपायच्या आत बाईसाहेबांनी मानेपासून शेपटीपर्यंत अंग झटकलं, आणि फाटकापासून समोरच्या ओट्यापर्यंत एक माणूस कोरडा राहिला नाही. माझ्या अंगावरच्या हळदीच्या साडीसकट.

लग्नाच्या दिवशी काकाजींना सडकून सर्दी झाली होती. गळ्यात मफलर, नाक लाल, पण लगाम दोन्ही हातांनी धरलेला. डीजेच्या आवाजानं हॉलच्या काचा थरथरत होत्या, घोडीला त्याचं काही नाही. दाराशी माझ्या दोन मावसबहिणी पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायला उभ्या होत्या. त्यांना पाहून काकाजी लांबूनच गरजले, "ए पोरींनो! गुलाबपानी बंद! एक थेंब पडला तं नवरदेव वापस मोर्शीले जाईन!" पोरी घाबरून पळाल्या. नवरदेव सुखरूप उतरला. पाठमोरा झाला तेव्हा मी आतल्या खिडकीतून पाहिलं. कपडे स्वच्छ होते. काकाजींनीही वाकून, नीट मागून पाहून घेतलं, आणि मग छाती भरून श्वास घेतला.

वंदना झाली, पंचशील झालं, हार घातले गेले. बाबांनी मुद्दाम बुफे न ठेवता पंगत ठेवली होती. धाकट्या भावाला मी आधीपासून बजावून ठेवलं होतं, की पानं मांडली की काकाजींना बोलवायचं आणि दोनदा बोलवायचं. फोटो चालू असताना तो धावत आला. "ताई, काकाजी कुठंच दिसून नाही राह्यले."

 नांदगाव खंडेश्वर आठवलं. पहिली पंगत बसली होती आणि तो माणूस कुठल्या तरी खुर्चीवर ताठ बसून वाट पाहत असेल, नाहीतर उठून स्टँडवर आलूबोंडे खायला निघालाही असेल. फोटोवाला "मॅडम, मान जरा इकडे" म्हणत होता. मी मान तशीच सोडून स्टेजवरून उतरले आणि पांढरी साडी सावरत हॉलच्या बाहेर धावले.

बाहेर कडुलिंबाखाली घोडी उभी होती. पण लगाम माझ्या बाबांच्या हातात होता. मुलीच्या लग्नाचे नवे कपडे घातलेले बाबा अंग चोरून उभे होते आणि घोडी त्यांच्या गळ्यातला झेंडूचा हार खात होती.

"बाबा! काकाजी कुठं आहेत?"

"आत गेले वं. मले म्हने, जरा हिले धरा, मले भूक लागली. गेले ते गेलेच."

मी जेवणाच्या हॉलकडे पळाले. पहिल्या पंगतीत, अगदी पहिल्या पानावर काकाजी मांडी घालून बसले होते. मफलर मागे टाकलेला. एका हातानं वांग्याची भाजी कालवत होते आणि दुसऱ्या हातानं वाढप्याला खुणावत होते, की त्या कोपऱ्यातल्या मोर्शीच्या पाहुण्यांना बुंदी मिळाली नाही, तिकडे जा. काकू बाजूच्या पानावर बसून डोळे मोठे करून नवऱ्याकडे पाहत होत्या. जेवत नव्हत्या.

"काकाजी," मला धाप लागली होती, "तुमाले बोलावलं कोनं?"

त्यांनी घास तोंडात घातला, नीट चावला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काही अडाण्यासारखं विचारलं आहे.

"कोन बोलावनार? घरच्या लग्नात कोनी बोलावन्याची वाट पाह्यते का?"

 त्या घरात राहिले तेवढा काळ हा माणूस मला मॅडम म्हणत आला होता, आणि माझ्या चहालासुद्धा दोन बोलावण्यांशिवाय जिना चढला नव्हता. माझे डोळे भरून आले आणि पाणी गालावर ओघळलं, फोटोसाठी केलेल्या सगळ्या मेकअपवरून.

काकाजींनी मान वळवून दारातून दिसणाऱ्या घोडीकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "डोये पूस पोरी. बाईसाहेब समोरच हाय. पानी पाह्यलं का बिचकते."